व्याह्यांचे बगळे

लोक कोरियाला चेरीची फुलं बघायला जातात, मालिकांतले रस्ते बघायला जातात. आम्ही व्याही बघायला गेलो. तेव्हा ते आमचे व्याही झालेले नव्हते आणि पहिल्या जेवणानंतर होतील अशी आशाही फारशी उरली नव्हती. त्या जेवणात जे झालं त्याला मीच जबाबदार, असं आमच्या शोभाचं म्हणणं आहे. मी म्हणतो, जमीन गरम होती.

अंधेरी, एमआयडीसी

पण मुळापासून सांगतो. आमची निकिता अंधेरीला एमआयडीसीत एका कोरियन कंपनीच्या ऑफिसात आहे. कंपनी लिफ्ट बनवते. पोरगी विक्रोळीहून रोज लिंक रोडचे धक्के खात लिफ्टच्या ऑफिसात जाते आणि ते ऑफिस तळमजल्यावर आहे, हा विनोद मी घरात इतक्या वेळा केलाय की आता कुणी हसत नाही.

तिथेच जिनसू कांग हा मुलगा कोरियातल्या मुख्य ऑफिसातून बदलीवर आला. पहिल्यांदा आमच्या कन्नमवार नगरातल्या घरी आला तेव्हा वाकून नमस्कार केला, बूट नीट जोडून ठेवले आणि शोभाने वाढलेलं सुक्या बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं. शोभाचं मत त्याने तिथेच जिंकलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

लग्न विक्रोळीतच करायचं ठरलं. आमच्याकडे लग्न सुटसुटीत. पांढरी साडी, वंदना, हार, फुलं, जेवण. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. म्हणजे नसावेत. त्यामुळे एका रविवारी निकिता तोंड पाडून माझ्याशेजारी येऊन बसली तेव्हा मला नवलच वाटलं.

“पप्पा, जिनसूचे बाबा लग्नाला येणार नाही म्हणतायत.”

“का? आपण पसंत नाही का?”

“तसं नाही ओ. तुमचा फोटो बघून तर खूश झाले. जिनसूच्या कंपनीवरून दोघांचं काहीतरी बिनसलंय. तो नीट सांगत नाही, लाजतो. बाबा येणार नसतील तर हॉल नको, काही नको, कोर्टात सही करू म्हणतो.” मग ती माझ्या हाताला धरून म्हणाली, “पप्पा, ते समोर बसलेले नसले ना, तर तो लग्नात असून नसल्यासारखाच राहणार. मला तसं लग्न नको. तुम्ही जा आणि त्यांना हो म्हणायला लावा.”

मी वजनकाट्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. उशिरा येणाऱ्याला गेटवर समजावण्यात माझी हयात गेली. म्हटलं, आणतो.

निघण्याआधी व्हिसाच्या कागदांसाठी निकिताच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅनेजरबाईंनी चहा पाजला आणि हातात एक पिशवी दिली. आत निळी जर्सी. पाठीवर इंग्रजीत माझं आडनाव, पुढे ‘कॉमेट्स’, म्हणजे धूमकेतू. त्यांच्या कंपनीची तिकडे बास्केटबॉलची मोठी व्यावसायिक टीम आहे, तिची ही जर्सी. शिवाय एका मॅचची दोन तिकिटं. निकिता तेव्हा मीटिंगमध्ये होती. मी पिशवी बॅगेच्या तळाशी घातली आणि घरी अवाक्षर काढलं नाही. सरप्राइज द्यायची खोड मला पहिल्यापासूनच आहे.

गरम जमीन

सोलला उतरून रेल्वेने दक्षिणेला व्याह्यांच्या गावी गेलो. आम्ही दोघं, निकिता आणि जिनसू. समुद्राकाठचं बंदराचं शहर आहे. त्याचं नाव मी तिथे बरोबर म्हणायला शिकलो होतो, पण विक्रोळीत परतल्यापासून जीभ वळत नाही, तेव्हा ते राहू दे. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते मधूनमधून हात लावून बघावं लागे. शोभाने स्वेटरवर स्वेटर चढवले आणि पहिल्याच सकाळी बाजार गाठला. तिथे सुक्या मासळीचे ढीग बघून ती माहेरी आल्यासारखी हरखली. “अहो, ही बघा, आपल्या सुकटीची बहीण!” विकणाऱ्या बाईने चिमूटभर चाखायला दिली. शोभाने पर्समधून ठेच्याची डबी काढून तिला चाखवली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलं आणि पुन्हा बोट पुढे केलं.

संध्याकाळी मुख्य कार्यक्रम. तिकडे लग्न ठरवताना दोन्हीकडचे आईबाप हॉटेलातल्या एका वेगळ्या खोलीत समोरासमोर बसून जेवतात. आपल्या सुपारीसारखंच, फक्त बोलणं कमी आणि वाट्या जास्त. बुटकं टेबल, भोवती मांडी घालून बसायचं आणि टेबलावर इवल्या इवल्या वाट्यांची जत्रा. कोबीचं लालभडक लोणचं, पालेभाज्या, मासे, तळलेली भेंडी समजून मी ज्याच्याकडे आशेने बघत होतो ती मिरची.

कांगसाहेब उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचे, पाठ ताठ. भाताचे कुकर बनवणाऱ्या कंपनीच्या निर्यात विभागात त्यांनी आयुष्य काढलं. इंग्रजी येतं, पण खोक्यांवर छापलेलं असतं तसलं. निकिताकडे बोट दाखवून मला म्हणाले, “तुमची मुलगी नाजूक माल नाही. मजबूत. गुड.” विहीणबाई हसऱ्या. त्यांचं आडनाव वेगळंच निघालं, कारण तिकडे लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. शोभाने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, “बघा.” तेवढ्या एका शब्दात तिने आमच्या लग्नापासूनचा विषय उघडला.

तिकडे ओळख झाली की आधी वय विचारतात. आपल्याकडे आडनाव विचारतात, त्याच कामासाठी: कुणी कुणापुढे वाकायचं ते ठरवायला. मला त्यांची पद्धत बरी वाटली, कारण वय निदान सगळ्यांचंच वाढतं. मी कांगसाहेबांपेक्षा दोन वर्षांनी मोठा निघालो. त्यांनी मान झुकवली, मी उगाचच खाकरलो.

इथवर झकास चाललं होतं. पण ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी लक्षात ठेवावं, तिकडे जमिनीखालून गरम पाणी खेळवलेलं असतं. वरून थंडीचे कपडे आणि खालून तवा. पाच मिनिटांत माझ्या कानामागून घाम निघाला. जेवण झाल्यावर सगळ्यांना चकित करायचा माझा बेत होता, पण जमीन थांबू देईना. मी स्वेटर काढला.

आत निळी जर्सी होती.

मुंबईत नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कंपनीने टी-शर्ट दिला की घालायचा आणि ग्रुप फोटोत पुढे बसायचं. मुलगा ज्या कंपनीत, तिच्या टीमची जर्सी अंगात बघून बाप खूश होणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी तर वळून पाठीवरचं आडनावही दाखवलं.

वळून परत बघतो तो कांगसाहेबांचा चेहरा कुकरच्या झाकणासारखा घट्ट बंद. जिनसूने डोळे मिटून घेतले होते. विहीणबाई वाट्या मोजत होत्या. आणि जेवण काही सुरू होईना. तिथली रीत अशी की पंक्तीतल्या थोरल्याने चमचा उचलल्याशिवाय कुणी उचलायचा नाही. मला वाटलं, घरचे यजमान म्हणून कांगसाहेब उचलतील. ते हाताची घडी घालून बसले. सूप निवलं. माशावरची वाफ विरली. माझ्या पोटातून आवाज आला आणि तो सगळ्यांनी ऐकला.

शेवटी शोभा म्हणाली, “अहो, थोरले तुम्ही. सगळे तुमच्यासाठी उपाशी बसलेत. उचला तो चमचा!”

मी उचलला. सगळे मुकाट जेवले. त्या निळ्या जर्सीवर सूप सांडलं तेव्हा कांगसाहेब तेवढे जरा समाधानी दिसले.

जेवणानंतर जिनसूने मला बाहेरच्या बोळात गाठलं. आमच्या अंधेरीच्या पोरांनी त्याला जेवढं मराठी शिकवलंय, त्यातलं पहिलं वाक्य त्याने वापरलं.

“पप्पा, वाट लागली.”

मग त्याने निकिताला मध्ये घेऊन सगळं सांगितलं. ही टीम आधी या शहराची होती, बाबांच्या कुकर कंपनीची. त्याच्या या लिफ्ट कंपनीने ती विकत घेतली आणि दुसऱ्या शहरात नेली. पुढे जिनसूने नेमकी तिथेच नोकरी धरली. बाबा तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. घरात टीव्हीवर बास्केटबॉल लागलं की बटण बंद. आणि तिकडे कर्मचाऱ्याच्या लग्नाला कंपनी माणसापेक्षा उंच फुलांची आरास पाठवते, वर पट्टीवर कंपनीचं नाव. नको म्हटलं तर वरिष्ठांचा अपमान. बाबा म्हणतात, त्या नावाखाली मी उभा राहणार नाही.

“चेंडूवरून?” मी म्हणालो. “बाप पोराच्या लग्नाला येत नाही, चेंडूवरून?”

“म्हणून तर सांगत नव्हतो ना,” जिनसू म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

बगळ्यांचं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी कांगसाहेब हॉटेलवर हजर. राग असला तरी पाहुण्याला गाव दाखवायचंच, ही त्यांची रीत. शोभा आणि निकिता विहीणबाईंबरोबर लोणचं घालायला गेल्या. मी साधा पांढरा शर्ट घातला, जाकिटाची चेन उघडून तो त्यांना दाखवला आणि मगच गाडीत बसलो. ते पहिल्यांदा हसले.

बंदर दाखवलं, पूल दाखवला, मग गाडी एका जुनाट जिमखान्यासमोर थांबली. आत जिथे एकेकाळी हजारो माणसं ओरडायची तिथे आता म्हातारी मंडळी टेबल टेनिस खेळत होती. आम्ही वरच्या पायऱ्यांवर बसलो आणि कांगसाहेबांनी मला बगळ्यांचा इतिहास सांगितला. बगळे म्हणजे त्यांची टीम.

सुरुवात कारखान्यातच झाली. कंपनीने आसपासच्या शाळांतली उंच पोरं हेरून नोकरीला घेतली. सकाळी पॅकिंगला, दुपारी सरावाला. कांगसाहेब नवे लागले तेव्हा त्यांच्या टेबलाशेजारी टीमचा सेंटर बसायचा. हा गडी इतका उंच की वरच्या फळीवरची खोकी शिडीशिवाय काढायचा, म्हणून साहेब त्याला सरावाला सोडायला कुरकुर करायचे.

मी उडालोच. “कांगसाहेब, मला नोकरी कशी लागली माहितीय? कबड्डीवर!”

कारण आमच्या विक्रोळीत अगदी हेच होतं. कंपन्यांच्या टीमा असायच्या, पोरगं चांगली चढाई करतं म्हटलं की नोकरीवर घ्यायचे. सकाळी हजेरी, दुपारी मैदान. मी कोपरारक्षक होतो. कबड्डी म्हणजे काय हे त्यांना सांगताना मी तिथेच पायरीवर उभा राहून दम धरून दाखवला, तर टेबल टेनिसवाल्या एक आजीबाई मला झटका आलाय समजून पाणी घेऊन धावत आल्या.

मग पुढचा इतिहास. देशात व्यावसायिक लीग सुरू झाली आणि कंपनीच्या टीमचा क्लब झाला. तिकडे क्लबाच्या नावात शहराबरोबर कंपनीचं नाव असतं, त्यापुढे प्राणी किंवा पक्षी. नारिंगी जर्सी, छातीवर कुकरचं नाव, आणि मैदानात डोक्यावर कुकरचं झाकण घातलेला एक भला मोठा बगळा नाचायचा. परदेशातून धिप्पाड खेळाडू आले. त्यातला एकजण इथल्या मासळीच्या रश्श्यावर इतका खूश झाला की त्याचं वजन वाढून त्याला बाकावर बसवावं लागलं. एका मोसमात बगळे अजिंक्य ठरले. त्या दिवशी कारखान्याचा भोंगा रात्रपाळी नसताना वाजला आणि बंदरातल्या बोटींनी त्याला उत्तर दिलं. हे सांगताना कांगसाहेबांचं खोक्यांवरचं इंग्रजी संपलं आणि उरलेलं त्यांनी हातांनी सांगितलं.

“मग?”

“मग कुकर विकले जाईनात. कंपनीने आधी कँटीन विकलं, मग टीम.” लिफ्ट कंपनीने ती घेतली. म्हणाली, काही बदलणार नाही. आधी रंग बदलला. मग बगळ्यांचे धूमकेतू झाले. मग एका मोसमाअखेर ट्रक आले आणि सामान घेऊन मोठ्या शहराकडे गेले. लोकांना बातमी पेपरात वाचायला मिळाली.

“बगळा त्याच तळ्यावर परत येतो,” कांगसाहेब म्हणाले. “धूमकेतू म्हणजे काय? शेपूट दाखवून जातो.”

मी म्हणालो, “आमची कंपनी गेली तेव्हा आमची टीम कुणी विकतही घेतली नाही. आम्ही कप वाटून घेतले. माझ्याकडच्या कपात शोभा मेथीदाणे ठेवते. तुमची निदान कुठेतरी खेळतेय.”

 गाडीत बसताना त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. मला वाटलं, लोखंड तापलंय, हाणा हातोडा. मी खिशातून ती दोन तिकिटं काढली आणि म्हणालो, “मला उद्या ही मॅच बघायचीय. मला एकट्याला रस्ता सापडणार नाही.”

हा शुद्ध कावेबाजपणा होता. वयाने मोठ्या पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, हे मला एव्हाना कळलं होतं.

धूमकेतूंचं शहर

बसने गेलो. डोंगर, बोगदे, बर्फाची पांढरी शेतं, मध्ये एका थांब्यावर बटाट्याचे गरम गोळे. मी त्यांना बटाटेवड्याचे अनाथ भाऊ म्हणेन, कारण त्यांना ना बेसन ना लसूण.

स्टेडियम चकाचक निळं. आमची तिकिटं कंपनीच्या माणसांसाठी राखलेल्या भागातली होती. कांगसाहेबांनी ती बघितली, दुमडली, खिशात घातली, खिडकीवर दुसरी दोन काढली आणि मला घेऊन सरळ पलीकडच्या दरवाजाला गेले. तो पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचा दरवाजा. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, दुश्मनाच्या घरात दुश्मनाच्या दुश्मनाजवळ बसायचं.

आत सगळा गोंधळ. ढोल, नाचणाऱ्या पोरी, हातात फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या कांड्या. कबड्डीत चढाई करणारा तेवढा तोंडाने दम घुमवतो, निदान पकडणारे गप्प असतात, इथे सगळेच ओरडतात. प्रत्येक खेळाडूसाठी घोष ठरलेला. नाव दोनदा, दोन टाळ्या आणि पायाने एक दणका. निळ्या बाजूने घोष उठला की आमच्या बाजूचे तोंड वाकडं करायचे. कांगसाहेबही हाताची घडी घालून ताठ बसले होते. पण माझी नजर खाली गेली. वर तोंड बंद, आणि खाली त्यांचा बूट बरोबर वेळेवर दणका देत होता. ढोलवाला एकदा चुकला, बूट चुकला नाही.

 मध्यंतरात दोघं कॉफी घ्यायला गेलो. गाड्यावरच्या बाईने कांगसाहेबांना बघताच न विचारता त्यांची कॉफी भरली, साखर न घालता, आणि माझ्याकडे बघून तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, “आजोबांनी आज मित्र आणला! इतकी वर्षं येतात, नेहमी एकटे.”

कांगसाहेब कॉफीत बघत राहिले. मीही माझ्या कॉफीत बघितलं. दोन म्हातारे कपात तोंड घालून उभे.

जागेवर येऊन बसल्यावर ते आपणहून बोलले. पहिल्यांदा आले ते हे धूमकेतू हरताना बघायला. पाहुण्यांच्या बाजूचं तिकीट काढलं, म्हणजे यांचा पाठीराखा म्हणून मोजणी नको. आणि इथे बसल्यावर बरोबर समोर बघतात तर कंपनीच्या माणसांत, तिसऱ्या रांगेत, जिनसू. नोकरीवरून भांडण झाल्यापासून तो सणासुदीलासुद्धा घरी आला नव्हता.

“घरी येत नव्हता,” कांगसाहेब म्हणाले. “इथे दिसायचा. खाताना, हसताना. एकदा सर्दी झाली होती. मग मी प्रत्येक मॅचला आलो.”

“आणि विहीणबाई?”

“तिला वाटतं, मासे पकडायला जातो.”

“मासे नेता कुठून?”

“येताना विकत घेतो.”

मला हसू आलं आणि आपलीच एक गोष्ट आठवली. निकिता एकदा चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती, तेव्हा मी तिच्या बसस्टॉपसमोरच्या टपरीवर विनाकारण चहा प्यायला होता. मला हा माणूस फार आवडला. मी विचारलं, “पण जिनसू तर आता मुंबईत आहे. आता कशाला येता?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “टीम चांगली आहे.”

मॅच धूमकेतूंनी जिंकली. आमच्या बाजूचे सगळे पडलेल्या चेहऱ्यांनी उठले, त्यात कांगसाहेबांनी आपला चेहरा सगळ्यात जास्त पाडला. बाहेर पडताना माझा दंड धरून म्हणाले, “मुलाला सांगायचं नाही.” मी शब्द दिला आणि देताक्षणीच मला कळलं की आपली पंचाईत झाली. जे सांगितलं असतं तर बापलेकाचं एका मिनिटात मिटलं असतं, तेच मी आता सांगू शकत नव्हतो. आणि तिकडे निकिता लोणच्याचे हात धुऊन माझ्या उत्तराची वाट बघत बसली असणार.

परतीच्या बसमध्ये मी डोकं चालवलं. मग म्हणालो, “कांगसाहेब, आमच्या हॉलमध्ये दोन बाजू असतात. डावीकडे मुलाकडचे, उजवीकडे मुलीकडचे. जिनसूच्या कंपनीची ती फुलं मुलाच्या बाजूला ठेवतील. म्हणजे तिकडे बसणारा कंपनीचा.”

“हं.”

“तुम्ही उजवीकडे बसा. पाहुण्यांत. आमच्यात.”

बस बोगद्यात शिरली. बोगदा लांब होता आणि त्यांनी तो पूर्ण वापरला. उजेड आल्यावर म्हणाले, “मुलीच्या बाजूला जेवण तेच?”

“तेच. वर शोभाच्या हातचं कालवण.”

“मग चालेल,” ते म्हणाले आणि डोळे मिटून झोपून गेले. मी मात्र जागा होतो, आणि खरं सांगतो, लग्न ठरल्याचा आनंद मला त्या बसमध्ये झाला.

विक्रोळी

आल्यावर महिन्याभरात लग्न. कांगसाहेब आणि विहीणबाई आदल्या दिवशी उतरले. कन्नमवार नगरातला हॉल छोटाच, पण अंधेरीच्या ऑफिसने आपली रीत सोडली नाही. फुलांची आरास टेम्पोतून आली. अंधेरीच्या फुलवाल्याला नमुन्याचा फोटो दिला होता, त्याने आपल्या मनाने झेंडू आणि मोराची पिसं वाढवली होती. उंची इतकी की दारातून आत येईना, आडवी करून आणली. लिफ्ट कंपनीची असून जिना चढताना तिने फार त्रास दिला. डावीकडे उभी केली. पट्टीवर कंपनीचं नाव झळकत होतं.

कांगसाहेब नारिंगी टाय लावून उजवीकडे, माझ्या तिन्ही बहिणींच्या मध्ये बसले. बहिणींनी त्यांना ताब्यात घेतलं होतं. एक वारा घालत होती, एक भजी भरवत होती, तिसरी त्यांना आमच्या घराण्याचा इतिहास मराठीत सांगत होती आणि ते मान डोलवत होते. लोक विचारत होते, मुलाचे वडील कुठेत? मी म्हणायचो, असतील इकडेच.

जिनसूला ते आल्याचं माहीत होतं, पण स्टेजवरून त्याची नजर सारखी डावीकडे जात होती. तिथे विहीणबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी. त्याचा चेहरा उतरत चालला होता. निकिता मला डोळ्यांनी विचारत होती आणि मी तिला डोळ्यांनीच थांब म्हणत होतो.

वंदना झाली. दोघांनी एकमेकांना हार घातले. आम्ही ओंजळीतली फुलं उधळली, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या. आणि त्या शांततेत मुलीच्या बाजूने एक खणखणीत आवाज आला.

“जिन-सू! जिन-सू!”

दोन टाळ्या. पायाचा एक दणका.

माझ्या बहिणींना तो घोष कुठला ते काय ठाऊक, त्यांना वाटलं कोरियातली रीत असेल. त्यांनीही नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या, चपला आपटल्या. मग उजवी बाजू सगळीच सुरू झाली आणि हॉलची जमीन हादरली. अंधेरीच्या ऑफिसातले दोन-तीन कोरियन साहेब मात्र आ वासून बघत राहिले. तो धूमकेतूंचा घोष होता, बगळ्यांचा नव्हे. घरात टीव्ही बंद करणाऱ्या माणसाला तो येणं शक्य नव्हतं, स्टेडियममध्ये वर्षानुवर्षं बसल्याशिवाय.

जिनसू आधी डावीकडे वळला. तिथे फुलं होती आणि रिकामी खुर्ची. मी त्याला हाताने खूण केली, इकडे, आमच्यात बघ. त्याला बाप दिसला. गळ्यातल्या हारासकट तो स्टेजवरून उतरला, खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि समोर उभा राहून आपल्या भाषेत एवढंसं काहीतरी बोलला. मागोमाग आलेल्या निकिताने मला हळूच सांगितलं, “पप्पा, तो विचारतोय, तुम्ही कुठे बसायचात?”

कांगसाहेबांनी त्याच्या खांद्यावरची फुलाची पाकळी झटकली.

“तुझ्या समोर,” ते म्हणाले.